नऊ नंबरचं वावर

पुणे
७ जानेवारी २०२४

ती. मोठ्या बाबांना
मोनालीचा जय भीम.

तीन वेळा फोन केला. तिन्ही वेळा तुम्ही "हो हो, बरा आहे, जेवली का" म्हणून ठेवून दिलात, आणि मी विचारत होते भलतंच काही. शेवटी मोठी आई म्हणाली, "त्याईले काहीच ऐकू येत नाही वं, अंदाजानं बोलते ते." सत्तावीस वर्षं, तारेने विमानं वर ओढणाऱ्या विंचच्या इंजिनाला कान लावून बसलात, आता कान तरी किती साथ देणार? म्हणून हे पत्र. ऑफिसात सगळे हसले. पत्राची पेटी शोधायला मला अर्धा दिवस लागला.

बातमी अशी, की मार्चमध्ये वर्ध्याच्या पुढे एका बंद कारखान्याच्या धावपट्टीवर ग्लायडरचा कॅम्प आहे आणि त्यात माझी निवड झाली आहे. दोन वर्षं शनिवार-रविवार उन्हात काढले, त्याचं हे फळ. एकटीने तीनशे किलोमीटरचा त्रिकोण उडायचा आहे. धावपट्टीवरून उमरेड, तिथून वरोऱ्याच्या बाजूला आणि परत. इंजिन नाही, सगळा भरवसा वर चढणाऱ्या गरम हवेवर. ती मिळाली नाही, तर खाली जे वावर दिसेल त्यात उतरायचं.

आणि कोणतं वावर चांगलं, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत आहे? नागपूरचा क्लब चालू होता तेव्हा बाहेर उतरलेलं प्रत्येक ग्लायडर ट्रक नेऊन तुम्हीच आणायचात. पप्पा सांगतात, "आमच्या दादाने त्या वावरांची एक वही ठेवली होती." आहे का अजून? माझ्या वाटेवरची वावरं मला हवीत, आणि आज ती कशी आहेत तेही.

आपल्या घरातून वर जाणारी मी पहिली असेन, पण वर पाठवणारे तुम्ही पहिले. मी इथे सगळ्यांना सांगते.

तुमची
मोनाली


इंदोरा, नागपूर
१९ जानेवारी २०२४

प्रिय मोनाली,
जय भीम.

तुहं पत्र आलं. पोस्टमननं सही मागितली नाही, तरी मी केली. तीन वेळा वाचलं, मंग इंदूले, तुह्या मोठ्या आईले, वाचून दाखवलं. ती म्हणे, पोरीले सांगा, स्वेटर घालून जाय वर. मी म्हटलं, मार्चमध्ये काहून वं? पण बरोबर बोलली ती. आठ-दहा हजार फुटावर थंडी वाजते.

वही सापडली. इंदूच्या पेटीत लुगड्यायच्या खाली होती. एक्केचाळीस वावरं आहेत. पायलट लोकायले वावर वरून दिसे, मले खालून दिसलं. मातीले भेगा किती, वावराच्या कडेचा धुरा किती उंच, मालक शिव्या देते का चहा देते, सगळं लिहून आहे. तुह्या रस्त्यावरचे बारा नंबर निघतात. पण तीस-पस्तीस वर्षांपूर्वीची वही घेऊन तू काय करशील? मी स्वतः जाऊन एक-एक पाहून येतो. एसटी आहे, म्हातारपणाचा पास आहे, अन् घरी मले काम काय आहे?

तोपर्यंत हे ध्यानात ठेवजो. तुरीच्या खुंटायत उतरू नको, विमानाचं पोट फाडते. कापसाची पऱ्हाटी उभी असली तं पंख जाते. हरभरा काढलेलं वावर सगळ्यात चांगलं, मंग गव्हाचं. तार वरून कधी दिसत नाही, खांब दिसते. दोन खांब दिसले का मधात तार आहेच, असं समजायचं. वारा कुठून आहे ते कोणाच्या तरी चुलीच्या नाही तं कचऱ्याच्या धुरावरून पाहजो. दुपारी दोननंतर पश्चिमेकडून पातळ पांढरा पडदा चढून राहिला असंल तं हाव करू नको, ऊन गेलं का हवाही बसते. उमरेडच्या खाणीचे मातीचे ढीग मात्र उशिरापर्यंत तापून राहते. तिथी घारी फिरताना दिसल्या तं बिलकुल त्यायच्या मागं जाजो. अन् वही खालीच वाचायची. वर गेल्यावर वही विसरायची अन् डोळे वापरायचे. हे सगळ्यात महत्त्वाचं.

एक गोष्ट सांगतो, कोणाजवळ बोलू नको. मी सत्तावीस वर्षांत वीस हजाराच्या वर खेपा विमानं वर ओढली. स्वतः चार वेळा बसलो. तेही मागच्या सीटवर, वजन कमी पडे म्हणून. विंचची तार सुटली का माहं काम खतम, मंग खाली उभं राहून पाहायचं. कोणी परत आलं नाही का बाकीचे घाबरत, अन् मले आतून आनंद होये. चांगली गोष्ट नाही, पण होये. कारण मंग मलेच बोलावणं ये, "धम्मानंद, ट्रक काढ." आमच्यात रिवाज होता. आणायला आलेल्या माणसाले जेवू घातल्याशिवाय पायलट वावरातून निघत नसे. पंख खोलून ट्रॉलीत टाकले का आम्ही दोघं धुऱ्यावर बसून जेवो. धरमपेठेतले मोठे-मोठे साहेब माह्यासंगं मातीत मांडी घालून जेवले आहेत. मी विचारत राहो, वरून काय दिसलं, अन् ते सांगत.

आता तू सांगशील.

तुहा
मोठा बाबा


पुणे
४ फेब्रुवारी २०२४

ती. मोठे बाबा,

तुमचं पत्र मी क्लबात वाचून दाखवलं. मागच्या सीटचं सोडून. आमचे शिक्षक म्हणाले, या माणसाने पुस्तक लिहायला हवं होतं.

इथे सगळ्यांच्या घरी कुणी ना कुणी उडलेलं आहे. कुणाचे आजोबा वायुदलात, कुणाची मावशी पायलट. जेवताना त्यांच्या गप्पा निघतात आणि मी तुमच्या ट्रकच्या गोष्टी सांगते. कधी कधी वाटतं, नोकरी सोडावी, नागपूरला यावं आणि आपण दोघांनी तो बंद क्लब पुन्हा चालू करावा. वेड्यासारखं आहे, पण वाटतं.

आता रागावू नका. मोठ्या आईने कळवलंय की तुमचा गुडघा सुजलाय आणि जिना उतरताना तुम्ही भिंत धरता. ती वावरं सडकेपासून किती आत आहेत मला माहीत आहे. केयूर म्हणून माझ्याबरोबरचा पायलट आहे, त्याच्याकडे मोटरसायकल आहे. तो कॅम्पच्या आधी आठवडाभर तिकडे असणार आहे. उपग्रहाचे फोटो बघितले, पण ते दोन वर्षांपूर्वीचे आहेत. तुम्ही नुसती नावं आणि खुणा द्या, बघून तो येईल. उगाच हट्ट करू नका.

मोनाली


नागपूर
२७ फेब्रुवारी २०२४

प्रिय मोनाली,

केयूरले तकलीफ देऊ नको. मी जाऊन आलो. बाराच्या बारा पाहिले.

एक नंबर चांगलं आहे, गहू उभा आहे पण तू येशील तोपर्यंत निघंल. दोनमध्ये विहीर खोदली, पूर्वेच्या कोपऱ्यात, वरून काळं तोंड दिसंल. तीन ठीक. चार बाद, पूर्ण सोलरच्या पाट्या लागल्या. पाचचा मालक वारला, पोरगा आहे, त्याले वाटलं मी जमीन घ्यायला आलो, अंगावर धावून आला. मंग त्यानंच बसवून ताक पाजलं. सहामध्ये दोन बैल बांधून असते, ते उठले नाही तं उतरता येते. सात नंबरले दक्षिणेकडून नवीन विजेची लाइन गेली आहे, उत्तरेकडून ये.

आठ, दहा, अकरा, बारा ठीक आहेत.

नऊ नंबर तं राजा आहे. उमरेडच्या पुढं, भिवापूर रोडवर, चिंचेच्या मोठ्या झाडाच्या मागं. साडेचारशे मीटर लांब, सपाट, तार नाही, खांब नाही, माणूस भला. तिथी डोळे मिटून उतरजो. उमरेडच्या पुढं कऱ्हांडल्याचं जंगल लागते, त्यावर खाली-खाली फिरत राहू नको. हवा नाही वाटली तं सरळ नऊ नंबर.

वहीचे बारा पानं झेरॉक्स करून संगं पाठवले आहेत. गुडघ्याचं इंदू वाढवून सांगते.

मोठा बाबा


कॅम्प, वर्धा जिल्हा
२२ मार्च २०२४

ती. मोठे बाबा,

घाईत लिहिते आहे. तीनशे झालं नाही. एकोणीस तारखेला निघाले होते, उमरेडपर्यंत छान गेले. खाणीच्या ढिगांवर घारी होत्या, तुम्ही म्हणालात तशाच. मग वर पडदा चढला आणि मी मागे फिरले. ग्लायडर ठीक आहे, मीही ठीक आहे. तुमची वही कामी आली.

या खेपेला नागपूरला येणं होत नाही. सुट्टी संपली, परस्पर पुण्याला जावं लागेल. गुडघ्याला जपा. मोठ्या आईला सांगा, स्वेटर घातला होता.

मोनाली


नागपूर
३१ मार्च २०२४

मोनाली,

काल गिरिधर सर आले होते. क्लबचे जुने शिक्षक, ऐंशीच्या वर वय आहे. धरमपेठेतून ऑटो करून आले, खिशात पेपरचं कात्रण. "वावरात उतरलं बिनइंजिनाचं विमान." खाली फोटो, तू अन् एक शेतकरी. वीस तारखेचा पेपर.

मी कात्रण खूप वेळ पाहत राहिलो. सर काहीतरी बोलत होते, मले ऐकू आलं नाही.

पेपरात लिहून आहे, उमरेडपासून पंधरा किलोमीटर. माह्या घरापासून बसनं दोन तास. तू चार तास त्या वावरात बसून होती. त्या टाइमाले मी इथी खाटेवर बसून शेंगा सोलत होतो. वीस हजार खेपा, पण आपल्या घरचं माणूस आणायला मी एकदाही गेलो नाही, कारण आपल्या घरचं कोणी कधी वर गेलंच नव्हतं. अन् गेलं तं मले दहा दिवसांनी दुसऱ्यानं सांगितलं.

तू लिहिलं, मागे फिरले. काहून खोटं लिहिलं?

मले समजते सगळं. तुमच्याजवळ गाड्या आहेत, फोनमध्ये नकाशे आहेत. ट्रक हाकणारा बहिरा म्हातारा कशाले पाहिजे? पेपरवाल्यायनं विचारलं असंल, नागपुरात कोणी आहे का म्हणून. तू काय सांगितलं? त्या लोकायसमोर विंचवाल्याचं नाव घ्यायची लाज वाटली असंल तं तसं सांग. मी ऐकून घेईन. आयुष्यात आणखी बरंच ऐकून घेतलं आहे.

कोणासंगं जेवली तिथी, तेवढं कळवजो.

धम्मानंद


पुणे
७ एप्रिल २०२४

ती. मोठे बाबा,

तुम्ही खाली 'मोठा बाबा' न लिहिता नाव लिहिलंत. ते बघून मी ऑफिसच्या जिन्यात बसून रडले. आता सगळं खरं लिहिते. तुम्हीही खरंच लिहायचं.

तीन वाजता मी उमरेडच्या खाणीवर होते, जमिनीपासून साडेतीन हजार फूट. पश्चिमेकडून पडदा आलेला दिसत होता. तुम्ही हाव करू नको म्हणाला होतात, मी केली. ऊन गेलं आणि घारीही खाली बसल्या. मी घाबरले नाही, कारण माझ्याकडे नऊ नंबर होतं. सरळ तिकडे निघाले. वाटेत दोन चांगली वावरं दिसली, हरभरा काढलेली, मोठी. मी त्यांच्याकडे नीट पाहिलंही नाही. चिंच दिसली तेव्हा मला हसू आलं, इतकी ती तुम्ही लिहिली तशीच होती.

चिंचेच्या मागे वावर नाही, मोठे बाबा. लेआउट आहे. सिमेंटचे खांब, ओळीने, वरून पांढरा रंग दिलेले, मधून काटेरी तार. सडकेला फाटक आणि प्लॉट विकण्याचा बोर्ड. रंग उडालेला बोर्ड.

बाराशे फुटांवर मला ते दिसलं आणि दुसरं कुठलंही वावर मी निवडून ठेवलं नव्हतं. वर गेल्यावर वही विसर, हे तुम्हीच लिहिलं होतं आणि मी वहीवरच बसले होते. डावीकडे वळले. एका वावरात मिरची वाळत घातलेली, दुसऱ्यात पऱ्हाटी. आठशे फूट. मग एक चढाचं वावर दिसलं, हरभऱ्याचं, छोटं. धुऱ्यावरून हातभर उंचीने आत आले. थांबले तेव्हा समोरचा धुरा दहा पावलांवर होता.

वावर लहानू नावाच्या शेतकऱ्याचं. पळत आला, पाणी दिलं, आणि पहिलं विचारलं, "बाई, एकटीच आहे का? घरचं कोणी येणार नाही का?" पेपरवाल्यानेही तेच विचारलं. मी सांगितलं, नागपूरला माझे मोठे बाबा आहेत, सगळ्या विदर्भात त्यांच्याइतकं हे काम कुणाला येत नाही. ते छापलं नाही त्यांनी. नंबर मागितला तेव्हा मात्र मी दिला नाही.

तुम्ही आला असता, तर त्याच सडकेने आला असता. ते फाटक, ते खांब तुमच्या डोळ्यांसमोर आले असते, आणि मला कळलंय हे तुम्हाला कळलं असतं. तो चेहरा मला बघायचा नव्हता. चार तास मोबाईल हातात होता. मोठ्या आईचं नाव काढत होते आणि बंद करत होते. उभ्या आयुष्यात तुमची इतकी आठवण कधी आली नव्हती.

आणि रागही आहे. तो लपवत नाही. मी मेले असते, मोठे बाबा.

लहानूच्या बायकोने भाकर आणली होती. मी हात लावला नाही. कॅम्पची गाडी आली, त्यांना परतायची घाई होती, कुणीच जेवलं नाही.

आता एकच विचारते. नऊ नंबर पाहायला तुम्ही गेला होतात की नव्हतात?

मोनाली


नागपूर
१६ एप्रिल २०२४

प्रिय मोनाली,

नव्हतो गेलो.

एक ते सात पाहिले, हे खरं आहे. चार दिवस लागले. पाचव्या दिवशी उमरेडच्या बस स्टँडावर उतरलो अन् गुडघ्यानं जागा सोडली. पायरीवर बसलो तो उठताच येईना. एका बाईनं हात धरून बाकावर बसवलं. त्या बाकावर बसून मी आठ ते बारा लिहिले, मनानं. नऊ नंबर लिहिताना तं मले ते समोर दिसून राहिलं होतं. एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीमध्ये गिरिधर सर तिथी उतरले होते. आम्ही चिंचेखाली जेवलो होतो. तेच लिहून पाठवलं तुले.

'पाहिलं नाही' एवढे दोन शब्द लिहायचे होते. पण लिहिले असते तं तू केयूरले पाठवलं असतं, अन् बरोबर केलं असतं. मंग माहं काय राहिलं असतं? तुह्या पहिल्या पत्रापासून दीड महिना मी पुन्हा कामावर होतो. सकाळी उठून दाढी करत होतो. ते सुटू नाही म्हणून मी तुले खांबायवर पाठवलं. डोळे मिटून उतरजो, असं लिहिलं. मी लिहिलं. हे माह्या हातून झालं, याले दुसरा शब्द नाही. तू रागावली ते कमी रागावली.

बारा तारखेले इंदूले घेऊन गेलो तिकडे. तिनं टॅक्सी करायला लावली. पहिले चिंचेपाशी थांबलो. खांब मोजले नाही, पण एका खांबाले हात लावून पाहिला. मंग विचारत-विचारत लहानूच्या वावरापर्यंत. ते सडकेपासून बरंच आत आहे. इंदूच्या खांद्यावर हात ठेवून चाललो.

वावर नांगरून टाकलं आहे त्यानं. चाकाची निशाणी राहिली नाही. तो हातानं दाखवत होता, इथून आलं, इथी थांबलं. त्या जागेवर उभा राहिलो अन् वर पाहिलं. आठशे फूट किती असते ते मले कोणी सांगायला नको, सत्तावीस वर्षं पाहिलं आहे. पण त्या आठशे फुटात तुले बसवून पाहिलं तं मले ढेकळातच बसावं लागलं. इतक्या लोकायले वर पाठवलं, कधी असा भेलो नव्हतो.

लहानू माह्या तोंडाकडे पाहून काहीतरी बोलला. मी कानाले हात लावला. मंग इंदू कानाशी येऊन ओरडली, "ते म्हणते, विमान घ्यायला आले का? ते तं केव्हाच गेलं. तुमी उशिरा आले."

मी म्हटलं, हो बापा. चोवीस दिवस उशीर झाला.

वहीतले आठ ते बारा खोडले. केयूरले पाठव, त्याचे डोळे अन् पाय दोन्ही चांगले आहेत. त्यानं पाहिल्याशिवाय त्या भागात वर जाऊ नको.

अन् पुढच्या वर्षी कुठंही उतरली तं इंदूच्या फोनवर सांगजो. ट्रक आता माह्याच्यानं चालत नाही, पंखही उचलता येणार नाही. मी काही कामाचा नाही, ते आता तुले माहीत झालं. तरी सांगजो. बाकीच्यायले पुढं जाऊ दे, मी एसटीनं येतो. किती टाइम लागंल ते मले माहीत नाही.

मी येईपर्यंत वावर सोडू नको.

तुहा
मोठा बाबा